राजाने चिल्लर पाडली नाही, म्हणून खाणमालकाने स्वतःचा पैसा पाडला

धुळ्यात पाचकंदीलला जा नाहीतर जळगावात फुले मार्केटला, एक वाक्य हमखास कानावर पडतं. "सुट्टा नही शेतस, भाऊ." मग तीन रुपयांऐवजी हातात तीन चॉकलेटं येतात. बसमध्ये कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकीचे पैसे लिहून देतो आणि मग उतरेपर्यंत सगळं लक्ष त्या चिटोऱ्यावर. यूपीआय आल्यापासून हे प्रकार कमी झालेत, पण संपलेले नाहीत.

आता ती चॉकलेटं आणि ते तिकीट म्हणजे नेमकं काय? सरकारने न काढलेला, दुसऱ्याच कुणीतरी काढलेला पैसा. अडचण एवढीच की तिकिटामागचे सात रुपये त्याच बसमध्ये चालतात. आणि चॉकलेट त्याच दुकानदाराला परत द्यायला गेलात, तर तो तुमच्याकडेच बघत बसतो.

अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये हाच प्रकार देशभर झाला होता. फक्त तिथे चॉकलेटं नव्हती, तांब्याची चकचकीत नाणी होती. ती राजाने पाडलेली नव्हती. खाणमालक, लोखंडाचे कारखानदार, कापडवाले, किराणा दुकानदार अशा लोकांनी पाडली होती. त्यांचा धागा पुढे थेट आपल्या मुंबईच्या पैशापर्यंत येतो, आणि त्यांच्यासारखीच पण वेगळ्या चालीची गोष्ट आपल्या शिवराईचीही आहे.

एवढ्या मोठ्या साम्राज्याकडे चिल्लर का नव्हती?

त्या काळात एक पौंड म्हणजे २० शिलिंग आणि एक शिलिंग म्हणजे १२ पेनी. हाफपेनी आणि फार्दिंग (पाव पेनी) ही तांब्याची नाणी. मजुराचा रोजचा व्यवहार याच नाण्यांत चालायचा.

लंडनच्या सरकारी टांकसाळीला तांब्यात रस नव्हता. सोनं म्हणजे प्रतिष्ठा, तांबं म्हणजे गरिबाचं काम. १७७५ नंतर जवळजवळ वीस वर्षं तिने इंग्लंडसाठी तांब्याची नाणी पाडलीच नाहीत. चांदीचीही तीच गत. सरकारने सोन्या-चांदीचा जो भाव ठरवला होता त्यात चांदी स्वस्तात जात होती, त्यामुळे चांदी देशाबाहेर पडायची. त्यातली बरीचशी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून आशियात माल घ्यायला यायची. म्हणजे त्यांच्याकडच्या चिल्लरटंचाईला थोडासा हातभार आपल्याकडच्या कापडाचाही होता.

नेमक्या याच काळात कारखाने वाढत होते. शेतावर धान्यावर भागायचं, पण गिरणीतल्या शेकडो कामगारांना दर आठवड्याला पगार द्यायचा तर सुटे पैसे हवेत. ते नाहीत म्हणून मालक चार-पाच जणांत मिळून एक मोठं नाणं किंवा नोट द्यायचे. ती मोडायला कामगार दारूच्या गुत्त्यावर जायचे. गुत्तेवाला मोड द्यायचा, पण त्याआधी काहीतरी प्यावं लागायचं. पगाराचा पहिला हिस्सा तिथेच संपायचा.

उरलेली पोकळी खोट्या नाण्यांनी भरली. बर्मिंगहॅममध्ये बटणं बनवणारे कारागीर होते. धातूची चकती कापायची आणि तिच्यावर ठसा मारायचा, हेच तर त्यांचं काम. बटणासारखीच हाफपेनी करायला कितीसा वेळ लागणार? १७८७ मध्ये टांकसाळीने चलनातल्या तांब्याच्या नाण्यांची तपासणी केली, तेव्हा दहामागे एक नाणंही धड निघेना. सगळ्यांना माहीत होतं की नाणी खोटी आहेत. तरी चालत होती, कारण दुसरं काही नव्हतंच.

'धारकाला एक पेनी देण्याचं वचन देतो'

खिशातली शंभराची नोट काढा. त्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या सहीने धारकाला इतके रुपये अदा करण्याचं वचन लिहिलेलं असतं. हेच वाक्य १७८७ मध्ये एका तांब्याच्या नाण्यावर आलं.

वेल्सच्या वायव्य टोकाला अँगलसी नावाचं बेट आहे. तिथे पॅरिस माउंटन नावाच्या डोंगरात तांब्याची मोठी खाण होती (फ्रान्सच्या पॅरिसशी तिचा काही संबंध नाही). या धंद्याचा कर्ताधर्ता थॉमस विल्यम्स, पेशाने वकील. पुढे लोक त्याला 'तांब्याचा राजा' म्हणायला लागले. त्याच्याकडे तांब्याचा डोंगर होता, पगार द्यायला कामगार होते, फक्त सुटे पैसे नव्हते. मग त्याने पॅरिस माइन कंपनीच्या नावाने स्वतःची पेनी पाडली.

एका बाजूला डोक्यावर टोपडं घेतलेला दाढीवाला ड्रुइड, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहित, आणि भोवती ओकच्या पानांची माळ. दुसऱ्या बाजूला कंपनीची गुंफलेली आद्याक्षरं आणि धारकाला एक पेनी देण्याचं वचन. खरी गंमत नाण्याच्या कडेवर होती. तिथे कोरलं होतं की मागाल तेव्हा लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसीत पैसे मिळतील. या पेनींसाठी सुमारे २५० टन आणि हाफपेनींसाठी सुमारे ५० टन तांबं लागलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. हे खोटं नाणं नव्हतं. खोटं नाणं राजाचा चेहरा चोरतं. विल्यम्सच्या पेनीवर राजा नव्हताच. तिच्यावर स्वतःचं नाव होतं, पत्ता होता आणि देणं मान्य केलेलं होतं. खरं तर ती नाण्याच्या रूपातली हुंडी होती, कागदाऐवजी तांब्यावर लिहिलेली. सुरुवातीची पेनी एक औंसाची, म्हणजे साधारण २८ ग्रॅमची होती. राजाच्या दोन हाफपेनी एकत्र वजन केल्या तरी हिच्यापेक्षा हलक्या भरायच्या. लोकांनी ती आनंदाने घेतली यात नवल नाही.

पाठोपाठ जॉन विल्किन्सन नावाच्या लोखंडाच्या कारखानदाराने टोकन काढलं आणि त्यावर थेट स्वतःचा चेहरा छापला. नाण्यावर चेहरा हा राजाचा मान. त्यामुळे त्याची भरपूर टिंगल झाली, पण नाणं चाललं.

मग लाटच आली. गावोगावच्या दुकानदारांनी आपापल्या हाफपेनी काढल्या. कॉव्हेंट्रीच्या टोकनवर घोड्यावर बसलेली लेडी गोडायव्हा आली. काहींवर चर्च, काहींवर पूल, काहींवर निव्वळ दुकानाची जाहिरात. गुलामगिरीविरोधी चळवळीने हाफपेनीवर बेड्यांमधला, गुडघ्यावर बसलेला माणूस छापला आणि त्याच्याभोवती प्रश्न लिहिला: मी माणूस नाही का, भाऊ नाही का? आज आपण स्टेटसला जे टाकतो ते तेव्हा लोक नाण्यावर टाकत होते. हातोहात फिरणारं, वाचता न येणाऱ्यालाही चित्रातून कळणारं असं दुसरं माध्यम त्या काळी क्वचितच असेल.

संग्राहक इतके मागे लागले की फक्त त्यांच्यासाठी नवी टोकनं निघू लागली. जेम्स कॉन्डर नावाच्या गृहस्थाने १७९८ मध्ये या सगळ्यांची यादी छापली, म्हणून आजही यांना 'कॉन्डर टोकन' म्हणतात.

पण बुडालं कोण?

इथपर्यंत ही गोष्ट उद्योजकांच्या कौतुकाची वाटते. इंटरनेटवर ती बहुतेक वेळा तशीच सांगितली जाते: सरकार नापास, बाजार पास. मला ती एवढी सरळ वाटत नाही.

विल्यम्सच्या पेनीत वचन पक्कं होतं, कारण त्याच्यामागे तांब्याची खाण होती. नंतर आलेल्यांचं तसं नव्हतं. काही टोकनांच्या कडेवर लिहिलेलं असायचं, 'लंडनमध्ये किंवा अन्यत्र' पैसे मिळतील. अन्यत्र म्हणजे कुठे, हे शोधत कोण फिरणार? काहींवर देणाऱ्याचं नावच नव्हतं. वजनही हळूहळू घटत गेलं. शिवाय लोकप्रिय टोकनांचीसुद्धा खोटी टोकनं निघाली, तीही बहुतेक बर्मिंगहॅममध्येच.

दुसरी अडचण अंतराची. टोकन काढणाऱ्याच्या गावात ते पूर्ण किमतीला चालायचं, दोन गावं ओलांडली की दुकानदार नाक मुरडायचा. कामगाराला पगार टोकनमध्ये मिळाला की तो त्या परिसराला बांधला जायचा. काही मालकांचीच दुकानं होती, तिथेच टोकन चालायचं, आणि तिथला भाव मालक ठरवायचा. या पद्धतीला 'ट्रक' म्हणत. तिच्याविरुद्ध पुढे १८३१ मध्ये कायदा करावा लागला.

१७९७ मध्ये सरकारने अखेर स्वतःच्या तांब्याच्या पेनी आणल्या आणि टोकनांची पहिली लाट ओसरली. नेपोलियनशी युद्ध चालू असताना पुन्हा टंचाई आली आणि १८११ पासून दुसरी लाट उठली. १८१७ मध्ये संसदेने कायदा करून खाजगी टोकनांवर बंदी घातली. १ जानेवारी १८१८ पासून ती चलनात देणं-घेणं बेकायदा ठरलं (बर्मिंगहॅम आणि शेफिल्डच्या गरीबखान्यांच्या टोकनांना काही वर्षांची सवलत मिळाली). ज्यांनी टोकन काढली होती त्यांना ती परत घ्यायची होती. पण काढणाऱ्याचं दिवाळं निघालं असेल, किंवा तो दूरच्या गावात असेल, तर हातात उरलं ते फक्त तांबं. मोठ्या व्यापाऱ्याने वेळीच टोकनं पुढे सरकवली. आठवड्याच्या पगारातून उरलेली मूठभर नाणी डब्यात ठेवणाऱ्या बाईला ते जमणारं नव्हतं.

सोहोहून मुंबईत आलेला पैसा

विल्यम्सच्या आणि विल्किन्सनच्या टोकनांपैकी बरीचशी बर्मिंगहॅमजवळच्या सोहो इथे पाडली गेली. तिथे मॅथ्यू बोल्टन या कारखानदाराने वाफेच्या ताकदीवर चालणारी टांकसाळ उभी केली होती. वाफेच्या इंजिनवाला जेम्स वॅट हा त्याचाच भागीदार. या यंत्रातून पडणारी नाणी सगळी एकसारखी गोल, एकसारख्या वजनाची, त्यामुळे नक्कल करायला अवघड. बोल्टनला हवं होतं ते इंग्लंडच्या सरकारी नाण्यांचं कंत्राट. ते मिळायला १७९७ साल उजाडलं. तोवर त्याने हात साफ केला तो टोकनांवर आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या कामावर.

त्याच सोहोमधून कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी १७९१ आणि १७९४ सालची तांब्याची नाणी आली. एका बाजूला कंपनीचं बदामाच्या आकाराचं व्यापारी चिन्ह, जे मालाच्या गाठींवर मारत, आणि दुसऱ्या बाजूला तराजू. तराजूच्या दोन पारड्यांच्या मध्ये फारसी लिपीत 'अदल', म्हणजे न्याय. एका व्यापारी कंपनीने खाजगी कारखान्यातून पाडून घेतलेला पैसा मुंबईच्या बाजारात चालत होता. विल्यम्सची पेनी आणि हा पैसा, तशी दूरची भावंडंच म्हणायची. फरक इतकाच की विल्यम्सने पैसे परत देण्याचं वचन लिहिलं होतं. कंपनीने फक्त तराजू काढला.

बदाम, शिवराई आणि बट्टा

मग तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं?

सुटे पैसे कमी पडणं आपल्यालाही नवीन नव्हतं. सतराव्या शतकात जाँ बातिस्त ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिर सुरतेहून बुऱ्हाणपूरला जायचा तो आपल्या खान्देशातूनच. नवापूर, थाळनेर, चोपडा अशी त्याची वाट. त्याने गुजरातेत पाहिलेलं एक चलन लिहून ठेवलंय: कडू बदाम. इराणातून येणारे हे बदाम पैशाच्या खालची मोड म्हणून चालायचे, एका पैशाला कधी ३५, कधी ४०. इतके कडू की पोरं खाऊन टाकतील ही भीती नाही, हेही तो नोंदवतो. चॉकलेटवाल्या दुकानदाराने यावर विचार करायला हरकत नाही.

तांब्याच्या बाबतीत मराठी मुलखाचं मुख्य नाणं म्हणजे शिवराई. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास, १६७४ च्या आसपास सुरू झालेलं हे नाणं त्यांच्यानंतर दीडशे वर्षं पडत राहिलं. पण ते पाडत कोण होतं? पेशवाईत हे काम बऱ्याच ठिकाणी खाजगी लोकांकडे होतं. सरकार परवाना द्यायचं, नजराणा घ्यायचं, वजन ठरवून द्यायचं, आणि टांकसाळ परवानेवाला चालवायचा. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठ्यांच्या चलनावर आणि टांकसाळींवर एक निबंध लिहिला, त्यात अशा परवान्यांची माहिती आहे. नागोठण्याच्या बाळाजी बापूजींना तांब्याची नाणी पाडायला तीन वर्षांचा परवाना मिळाला होता आणि नजराणा दरवर्षी वाढत जाणारा होता.

म्हणून शिवराई हातात घेतली की दोन नाणी सारखी सापडत नाहीत. चकती लहान, ठसा मोठा, त्यामुळे अर्धी अक्षरं बाहेर. कुठे 'श्री' उलटी, कुठे 'छत्रपति'चं स्पेलिंग कारागिराच्या मर्जीनं. दोन आडव्या रेघांची दुदांडी शिवराई तर गावोगावच्या हातांतून पडली.

इंग्रजी टोकन आणि शिवराई यांच्यात एक मोठा फरक आहे. तिकडे खाजगी माणसाने स्वतःच्या नावाने नाणं काढलं आणि स्वतः देणं लागला. इकडे खाजगी माणसाने छत्रपतींच्या नावाने नाणं पाडलं, पण परत घेण्याचं वचन कुणाचंच नव्हतं. शिवराईची किंमत तिच्यातल्या तांब्यावर आणि बाजाराच्या मूडवर. एका रुपयाला किती शिवराया, हे ठिकाण आणि वेळ पाहून बदलायचं.

रुपयाचंही तसंच. खान्देशात होळकरांच्या चांदवड टांकसाळीचा चांदोरी रुपया प्रसिद्ध होता, आणि त्याच्याबरोबर इतर टांकसाळींचे रुपयेही फिरत होते. प्रत्येकाचा भाव वेगळा. कोणता रुपया किती कमी धरायचा ते सराफ ठरवायचा, त्या कपातीला बट्टा म्हणायचे. शेतकरी बाजारात माल विकून तांब्यात पैसे घ्यायचा आणि सरकारी सारा रुपयांत भरायचा. मध्ये उभा सराफ. दोन्ही वेळा बट्टा शेतकऱ्याच्या अंगावर. 'नावाला बट्टा लागला' असं आपण म्हणतो, तो शब्द इथलाच.

एक योगायोग सांगायचा मोह होतोय. इंग्लंडमध्ये टोकनांवरची बंदी लागू झाली १ जानेवारी १८१८ ला. त्याच आठवड्यात, ६ जानेवारीला, महिदपूरच्या पराभवानंतर होळकरांनी मंदसौरचा तह केला आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख, खान्देशासकट, कंपनीला दिला. कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळे हे मुख्य ठाणं केलं. कंपनीने पुढे जुन्या टांकसाळी एकेक करून बंद केल्या, चांदवडचीही. १८३५ मध्ये सगळ्या इलाख्यांसाठी एकच कंपनी रुपया आला: एक रुपया म्हणजे १६ आणे, म्हणजे ६४ पैसे. सराफाच्या बट्ट्याला कात्री लागली. पण शिवराई लगेच मेली नाही. सरकारी पैसा खेड्यापर्यंत पुरेसा पोचायला बराच वेळ लागला आणि तोवर लोक ओळखीचं तांबं वापरत राहिले.

भोकाचा पैसा

ब्रिटिश काळातली आपल्याकडची मोठी चिल्लरटंचाई दुसऱ्या महायुद्धातली. तांब्याला युद्धात मागणी, महागाई वाढलेली, लोकांनी नाणी दाबून ठेवलेली. काठियावाड आणि कच्छच्या काही संस्थानांनी पुठ्ठ्याची छोटी कॅश कूपनं काढली. ब्रिटिश सरकारने १९४३ मध्ये मधोमध भोक पाडलेला पैसा आणला, आधीच्या पैशाच्या निम्म्याहून हलका. आजीच्या डब्यात दोऱ्यात ओवलेले पैसे पाहिले असतील तर ते हेच.

आज असं टोकन काढलं तर?

धातूचं असेल तर थेट गुन्हा. पैसा म्हणून वापरायला धातूचे तुकडे बनवणं, देणं किंवा जवळ ठेवणं १८८९ च्या मेटल टोकन्स अ‍ॅक्टने बंद केलं. तीच बंदी आता २०११ च्या नाणे कायद्यात आहे आणि त्यासाठी तुरुंगवासाची तरतूद आहे. म्हणून जत्रेतल्या पाळण्याचं किंवा कॅन्टीनचं टोकन त्या जागेपुरतंच ठेवलं जातं, बाजारात पैसा म्हणून फिरवता येत नाही.

उलट बाजूही आहे. दहा रुपयांचं नाणं 'चालत नाही' म्हणून नाकारणारे अजूनही भेटतात. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच सांगितलं होतं की तोवर निघालेली दहाच्या नाण्याची १४ डिझाइन्स वैध आहेत. रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात एक हजार रुपयांपर्यंत कायदेशीर चलन आहेत. सरकारी नाणं नको आणि चॉकलेट चालेल, हे अँगलसीच्या कामगारालाही कळलं नसतं.

आता शेवटचं, कारण हे वाचून कुणीतरी माळ्यावरचा डबा उघडणारच. 'हे जुनं नाणं द्या, लाखो मिळवा' असे जे व्हिडिओ फिरतात ते बहुतेक फसवणुकीचे असतात. आधी 'कमिशन' किंवा 'टॅक्स' भरायला सांगतात आणि गायब होतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं की जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत ती पडत नाही आणि त्यासाठी कुणाकडून पैसेही घेत नाही. शिवराई तर लाखोंच्या संख्येने पडलेली आहे, साधी दुदांडी दुर्मीळ नाही. शेतात नांगरताना जमिनीखाली नाणी सापडली आणि त्यांची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

आणि डब्यात तराजूवाला 'अदल'चा पैसा किंवा दोन रेघांची शिवराई निघालीच, तर चिंच-मीठ किंवा पितांबरी लावून चमकवू नका. तांब्यावरचा तो काळसर-हिरवट थर गेला की संग्राहक नाणं हातात घेतो आणि परत देतो.